हलके नाणे दिसले तर

चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता, तेव्हा सराफ प्रत्येक नाणे वाजवून, तोलून घ्यायचे. कड तासून चांदी काढलेल्या नाण्याला बट्टा लागायचा. आज नाण्याची किंमत त्यातल्या धातूवर ठरत नाही, म्हणून आपण मोड न बघताच खिशात टाकतो. कायद्यात मात्र वजनाला अजून स्थान आहे. २०११च्या नाणे कायद्यानुसार नाणे विद्रूप केलेले नसेल आणि त्याचे वजन ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेलेले नसेल, तरच ते देण्याघेण्यात वैध ठरते.

खिशातली चिल्लर तपासायची तर पहिला प्रश्न एकच: या नाण्याचे वजन मुळात किती असायला हवे? बहुतेक फसगत इथेच होते. पाच रुपयांचे १९९२पासूनचे जाड, तांबे-निकेलचे नाणे ९ ग्रॅमचे. पुढे २००७मध्ये स्टीलचे आले, त्याचा व्यास तोच, २३ मिलिमीटर, पण वजन ६ ग्रॅम. दोन्ही शेजारी ठेवली की दुसरे हलके, म्हणजे खोटे किंवा चुकीचे, असे वाटते. ते तसे नसते. शंका असेल तर चुंबक लावा. स्टीलचे नाणे चिकटते, तांबे-निकेलचे चिकटत नाही. रुपयाही असाच घटत गेला: १९७५मध्ये ८ ग्रॅम, मग ६, स्टीलचा झाला तेव्हा ४.८५ आणि २०११च्या मालिकेत ३.७९. त्यामुळे साल आणि धातू पाहिल्याशिवाय नाण्याला कमी वजनाचे म्हणूच नये. शिवाय थोडा कमी-जास्त फरक टांकसाळीला नियमानेच मान्य असतो, आणि वर्षानुवर्षे हातोहात फिरलेले नाणे झिजतेही.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, सोनारांकडे असतो तसा छोटा काटा हवा.

फरक मोठा निघाला, तर कारण शोधायचे. पत्रा पातळ लाटला गेला असेल, दुसऱ्याच नाण्याची चकती ठशाखाली आली असेल, किंवा चकती कापतानाच तिचा एक तुकडा कमी पडला असेल. हा शेवटचा दोष ओळखायला मला सर्वांत आवडतो, कारण तो स्वतःची साक्ष देतो. ठसा उमटण्याआधी चकतीची कड यंत्रात दाबून उचलली जाते. एका बाजूचा तुकडाच नसेल, तर तिथे दाब मिळत नाही आणि बरोबर समोरचा काठही नीट उठत नाही, फिका, सपाट राहतो. कुणी कानशीने किंवा कात्रीने नंतर तुकडा काढला असेल, तर समोरचा काठ ठसठशीत असतो. भिंगाखाली हा काठ आधी बघावा.

ठसा सरकून एका बाजूला उमटलेला, दहाच्या नाण्यातला पांढरा गाभा मधोमध नसलेला, असे दोष डोळ्यांनाच दिसतात. ठसा फिरलेला असेल तर तो असा ओळखावा: नाणे वरून-खालून चिमटीत धरा आणि उजवीकडून डावीकडे पालटा. आपल्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी दिसली, तर ते नाणे बाजूला ठेवा. सालाखालची टांकसाळीची खूणही टिपून ठेवा: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, आणि खूण नसेल तर कोलकाता. नुसती खूण दिसणे हा मात्र दोष नव्हे, आणि दहाच्या नाण्याची वेगळी रचना हाही नव्हे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्येच स्पष्ट केले की तोवर निघालेल्या चौदाही रचना वैध आहेत. तरीही काही दुकानदार ही नाणी नाकारतात, हे चूकच आहे.

दोषी नाणे सापडले तर ते घासू नका, चिंच किंवा लिंबूही लावू नका. चकाकी येते, पण पृष्ठभागाचा पुरावा जातो. कागदी पाकिटात ठेवा, वजन आणि साल लिहा, आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा. बहुतेक दोषांना बाजारात माफकच किंमत येते. जुनी नाणी लाखांना घेतो असे सांगून आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला आहे. कुणी असे पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.