खेळाच्या खात्याचे बिल : खरे की बनावट?

मंडळी, हल्ली घरातला मोबाईल एकट्या कर्त्या माणसाचा राहिलेला नाही. दिवसा त्याच्यावर बाजारभाव पाहायचे, दुधाचे पैसे जमा झाल्याचा निरोप वाचायचा, आणि संध्याकाळ झाली की तोच मोबाईल मुलांच्या हाती जायचा. मुले त्यावर बीजीएमआय खेळतात, रोब्लॉक्स खेळतात. खेळाचे खाते मुलाचे, पण त्याला जोडलेले बँकेचे खाते बापाचे! भामट्यांची नजर नेमकी या जोडावर असते.

मग एखाद्या दिवशी ईमेल येते : ‘तुमच्या खेळाच्या खात्याचे बिल थकले आहे. चोवीस तासांत कार्डाची माहिती भरा, नाहीतर खाते बंद होईल.’ किंवा येते : ‘तुमच्या खात्यातून ४,९९९ रुपये घेतले आहेत. खरेदी तुमची नसेल तर खालील नंबरावर ताबडतोब फोन करा.’ पहिल्या पत्राने मुलगा घाबरतो, दुसऱ्याने बाप. असे पत्र खरे की खोटे, हे ओळखायचे कसे, त्याचा आज विचार करू.

ही लबाडी काही कालपरवाची नव्हे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत ‘अमेरिका ऑनलाइन’ नावाची कंपनी लोकांना इंटरनेटची जोडणी देत असे. काही लबाड लोक त्या कंपनीच्या नोकरांचे सोंग घेऊन ग्राहकांना निरोप धाडीत, ‘बिलाची माहिती पडताळायची आहे, पासवर्ड कळवा.’ लोक कळवीत आणि फसत. या धंद्याला ‘फिशिंग’ हे नाव पडले. गळ टाकून मासा धरायचा, असा त्याचा भाव. तीस वर्षे उलटली. आमिष बदलले, गळ तोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, पत्रावर कंपनीचे नाव आणि चिन्ह स्पष्ट दिसते, मग ते खोटे कसे? तर पोस्टकार्ड आठवा. कार्डावर ‘पाठवणार’ म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते. पोस्टमन त्याची चौकशी करीत बसत नाही. ईमेलची रीत १९८२ साली ठरली, तेव्हा तीही अशीच ठेवली गेली. पुढे तपासणीचे उपाय निघाले, तरी दिसणारे नाव आजही कोणी काहीही लिहू शकतो. म्हणून नावावर बोट ठेवून त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहा.

हा पत्ता शेवटाकडून वाचावा. टपालाच्या पत्त्यात आपण शेवटी जिल्हा पाहतो ना, तसेच. ‘स्टीम’ या खेळाच्या दुकानाचा खरा पत्ता ‘स्टीमपॉवर्ड डॉट कॉम’ असा संपतो. पण ‘स्टीमपॉवर्ड’, मग डॉट, मग दुसरेच काही नाव आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असे दिसले, तर ते घर त्या दुसऱ्या नावाच्या मालकाचे. अक्षरेही नीट पाहा. इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य असते, ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ अगदी चिकटून बसवलेले असतात. घाईत डोळा फसतो. आणि म्हणूनच तर पत्रात घाई घातलेली असते!

पत्रात तुमचे नाव बरोबर आहे, एवढ्यानेही भुलू नका. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन सेवेत चोरी होऊन सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती परक्या हाती गेली. नाव, पत्ता, जन्मतारीख अशा गोष्टी चोरबाजारात मिळतात. मजकुरातल्या चुकांवरही विसंबू नका. आजचा भामटा शुद्ध मराठीत पत्र लिहवून घेऊ शकतो.

मग खरी कसोटी कोणती? एकच. पत्र स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही; साक्ष खात्याची घ्यावी. पत्रातल्या दुव्यावर बोट लावू नये, त्यातल्या नंबरावर फोन करू नये. ते पत्र तसेच ठेवून आपल्या नेहमीच्या वाटेने खात्यात जावे. खेळ प्ले स्टोअरवरून घेतला असेल, तर ते दुकान स्वतः उघडा, आपल्या चित्रावर बोट ठेवा आणि ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ पाहा. झालेली खरेदी तिथे मांडलेली असते. मग बँकेचे ॲप किंवा पासबुक पाहा. दोन्हीकडे नोंद नसेल, तर ते पत्र रद्दी समजावे.

दरमहा आपोआप पैसे जाण्याची मंजुरी दिलेली असेल, तर आणखी एक खूण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हा नियम काटेकोरपणे लागू झाला.

मात्र एक ध्यानात ठेवा. पत्र खरेही असू शकते. मुलाने खेळातली बंदूक किंवा कपडे खरोखरच विकत घेतले असतील, किंवा कार्डाची मुदत संपली असेल. म्हणून न पाहता पत्र फेकणेही बरे नव्हे. खात्यात जाऊन पाहिले की दोन्ही शंका फिटतात.

फोन करून बसलात, तर पलीकडचा गोड बोलून ‘पैसे परत देतो, पिन टाका’ असे म्हणेल. निक्षून सांगतो : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी. ‘एक ॲप उतरवून घ्या, मी इथून दुरुस्त करतो’ असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून द्या. त्या ॲपमधून तुमचा पडदा त्याला दिसत असतो.

आणि चूक होऊन गेलीच तर? बँकेला कळवून कार्ड बंद करा, लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन इथे तक्रार नोंदवा. असले ॲप घेतले असेल, तर मोबाईलचे इंटरनेट बंद करून ते काढून टाका. मग खेळाच्या खात्याचा पासवर्ड बदला. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तोही. इथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले, तर परत मिळण्याची आशा असते.

गुरुजनांना एक विनंती. पासवर्ड देऊन बसलेले पोर बहुधा पहिल्यांदा गप्प बसते, कारण त्याला माराची भीती वाटते. तेवढ्या वेळात बियाण्यासाठी ठेवलेला पैसा निघून जातो. वर्गात एकदा फळ्यावर खरा आणि खोटा पत्ता शेजारी शेजारी लिहा आणि फरक मुलांनाच शोधू द्या. पालकांच्या सभेत सांगा, की पोराने येऊन सांगितले तर आधी १९३० ला फोन लावा; रागवायचे ते मागाहून पाहता येईल. ज्या घरात मूल न भिता बोलते, त्या घरातला पैसा वेळेत अडवता येतो.