मांजराचा मोटारप्रवास

इ. स. २०१२ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातले एक दांपत्य राहण्याची सोय असलेल्या मोठ्या मोटारीतून डेटोना बीच या गावी गेले होते. सोबत हॉली नावाची चार वर्षांची मांजरी होती. तेथे ती एकाएकी निसटली. पुष्कळ शोध करूनही ती सापडेना, तेव्हा ते दोघे खिन्न मनाने घरी परतले. सुमारे दोन महिन्यांनी त्यांच्या वेस्ट पाम बीच येथील घरापासून जेमतेम दीड किलोमीटरवर, एका परसात, हाडांचा सापळा झालेली एक मांजरी आढळली. तिचे वजन निम्म्यावर आले होते, पंजांच्या गाद्या सोलवटल्या होत्या आणि मागची नखे झिजून गेली होती. कातडीखाली बसवलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या मायक्रोचिपमुळे तिची ओळख पटली. ती हॉलीच होती! त्या दोन गावांमधील अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे.

पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडलेले मांजर दोन दिवसांत पुन्हा चुलीजवळ येऊन बसल्याच्या हकिगती आपल्याकडेही ऐकू येतात. कुत्र्याचा जीव धन्यावर जडतो, तसा मांजराचा जागेवर जडतो. त्याच्या गालांवर, कपाळावर व पंजांत गंध स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला किंवा मेजाच्या पायाला गाल घासताना ते तेथे आपला वास ठेवून जाते. भिंतींपेक्षा या ओळखीच्या वासांनीच त्याचे घर बनते. मांजरी पिलांना सात घरे दाखवते असे म्हणतात. पण ती सातही घरे बहुधा एकाच आळीतली असतात!

मग मांजरे दूरचा प्रवास करीतच नाहीत काय? मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्लिश दर्यावर्दीच्या ट्रिम नावाच्या बोक्याने १८०२-०३ मध्ये धन्याबरोबर ऑस्ट्रेलियाला जहाजातून प्रदक्षिणा घातली होती. परंतु ट्रिमचा जन्मच मुळी जहाजावर झालेला. जहाज हेच त्याचे घर होते आणि ते घरच त्याला घेऊन फिरत होते. पुढे मॉरिशस बेटावर फ्लिंडर्स फ्रेंचांच्या कैदेत पडला, ट्रिमला जमिनीवर राहावे लागले आणि तेथेच तो कायमचा नाहीसा झाला.

मोटारीत बसवलेल्या मांजराची स्थिती याच्या उलट असते. ओळखीचे सारे वास एका क्षणात मागे राहतात. शरीराचा तोल सांभाळणारा कानाच्या आतला भाग 'आपण हलत आहोत' असे सांगतो, तर डोळ्यांपुढचे आसन स्थिर दिसते. या विसंगतीमुळे त्याला मळमळते, लाळ गळते, आणि ते केविलवाणे ओरडू लागते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, मांजराचे तसे नाही. त्याचे बिऱ्हाड माणसालाच बरोबर न्यावे लागते.

ते न्यावयाचे कसे? मांजराला उभे राहता येईल व वळता येईल एवढी हवेशीर, मजबूत पेटी घ्यावी. मात्र ती प्रवासाच्या दिवशी माळ्यावरून खाली काढू नये. दोन-तीन आठवडे आधीच ती घराच्या कोपऱ्यात दार उघडे ठेवून मांडावी, आत त्याची नेहमीची गोधडी अंथरावी आणि खाऊही तेथेच द्यावा. मांजर आपण होऊन आत झोपू लागले की पेटी त्याच्या घराचाच एक भाग झाली असे समजावे. मग पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी त्याला मोटारीची सवय लावता येते. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाणे देऊ नये. माणसांचे औषध तर कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून २०२५ साली तो पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. वडिलांच्या बदलीमुळे अशा रस्त्याने बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबात एखादे मांजरही असतेच. वाटेत ते रडू लागले म्हणजे मुलांना दया येते व ती पेटी उघडतात. ही दया घातक होय. घाबरलेले मांजर चालकाच्या पायांखाली, ब्रेकजवळ शिरू शकते. आणि दार उघडताच हॉलीप्रमाणे निसटलेले मांजर अनोळखी मुलखात हाती लागणे कठीण. यास्तव पेटी पट्ट्याने आसनाला घट्ट बांधावी व तिच्यावर पातळ कापड टाकावे. दर दोन-तीन तासांनी मोटार थांबवून, दारे-खिडक्या बंद असल्याची खात्री करून मगच त्याला पाणी पाजावे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते. विदर्भातील वैशाखात बाहेरच ४० अंशांवर पारा असतो, तेव्हा चहा पिण्यापुरतेदेखील मांजराला आत कोंडून जाऊ नये. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर संकटात आहे असे जाणावे.

मुक्कामाला पोहोचल्यावर प्रथम एकाच खोलीत पेटी, गोधडी, पाण्याची वाटी व रेतीचे घमेले मांडावे. मांजर दोन दिवस पलंगाखाली दडून बसले तरी त्याला ओढून काढू नये. निदान दोन-तीन आठवडे त्याला घराबाहेर सोडू नये. नाही तर ते जुन्या घराच्या शोधात निघून जाण्याची भीती असते. एके दिवशी ते हळूच बाहेर येईल, भिंतीच्या कडेने सारी खोली हुंगून पाहील आणि नव्या दाराच्या चौकटीला गाल घाशील.