जळणाचे अनुदान आणि गोठा नसलेली माणसे

विश्रामबागेत मी भाड्याने राहतो, त्या इमारतीच्या गच्चीवर सोलर हीटर आहे. सकाळी नळ सोडला की कढत पाणी येते. गेल्या हिवाळ्यात आई गावाहून राहायला आली. पहिल्या दिवशी अंघोळ करून बाहेर आली आणि म्हणाली, "ह्येला जळान कुटलं रं?" मी म्हणालो, "उन्हाचं, आई." तिला ते पटायला वेळ लागला. तिचे निम्मे आयुष्य जळण गोळा करण्यात गेले आहे. उसाचे पाचट, तुरकाट्या, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, आणि हे सारे दुसऱ्याच्या बांधावरचे. मोळी डोक्यावर घेण्याआधी शिवी ऐकायची, हा त्या मोळीचा ठरलेला दर होता.

घरमालकांनी सहज बोलता बोलता सांगितले, की हीटर बसवला तेव्हा सरकारने तीस टक्के पैसे दिले होते. ते ऐकून आईने विचारले, "मग आपल्याला का न्हाई दिलं?" मी शिकलेला, पोरांना शिकवणारा, पण मला उत्तर देता आले नाही. पुढे मी नियम वाचले. या लेखात ते उत्तर मांडतो आहे, कारण हा प्रश्न माझ्या आईचा एकटीचा नाही.

सोलर हीटरचे आधी सांगतो. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले आणि त्याखाली घरगुती हीटरला तीस टक्क्यांपर्यंत भांडवली अनुदान मिळू लागले. २०१४ साली ते बंद झाले. जात कुठेही विचारली जात नव्हती. पण हीटर बसवायचा तर स्वतःची पक्की गच्ची हवी, तिच्यावर पाण्याची टाकी हवी, टाकीत रोज पाणी हवे आणि उरलेले सत्तर टक्के खिशात हवेत. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या आणि सार्वजनिक नळावर घागर लावणाऱ्या माणसाला या योजनेने नाकारले नाही. तिने त्याला गृहीतच धरले नाही. आमच्यातल्या पहिल्या पिढीचे नोकरदार बँकेचे कर्ज काढून गच्चीपर्यंत पोचले, तोवर अनुदान संपले होते.

खेड्यासाठीची योजना म्हणजे गोबरगॅस. ती जुनी आहे आणि तिचे नियम अनेकदा बदलले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचा गोबरगॅस साठच्या दशकात देशभर नेला. १९८१-८२ साली केंद्राने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला. १९८४ साली विटांच्या घुमटाचा, कमी खर्चाचा नमुना आला. त्याचे नाव 'दीनबंधू'. हा बंधू कोणत्या दीनाचा, ते हिशेब केल्यावर कळते.

हिशेब असा. शेण आणि तेवढेच पाणी कालवून बंद घुमटात सोडायचे. आत हवा नसते, जंतू शेण कुजवतात, वायू वर साठतो, नळीने चुलीपर्यंत येतो आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. रोज एक घनमीटर वायू हवा तर रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते. चार-पाच माणसांच्या घराला साधारण दोन घनमीटरचे संयंत्र लागते, म्हणजे पन्नास किलो शेण. म्हैस दिवसाला पंधराएक किलो शेण देते, गाय दहाएक. तेव्हा दावणीला चार-पाच जनावरे हवीत. शिवाय घुमटाला आणि मळीच्या खड्ड्याला परड्यात जागा हवी आणि मळी टाकायला शेत हवे.

आता आमच्या वस्तीकडे पाहा. माझ्या चुलतभावाकडे वाट्याने पाळलेली एक म्हैस आणि दोन शेळ्या आहेत. घराच्या भिंतीला शेजाऱ्याची भिंत लागलेली. मी त्याला घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी जात विचारण्याआधी विचारले, "जनावरं किती? जागा कुणाच्या नावावर?" माणूस वाईट नव्हता. नियमच तसा होता. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "दादा, म्हशीचा अर्धा वाटा मालकाचा. मग ग्यास बी अर्धाच का?"

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या समाजाचा आणि जनावराचा संबंध इतिहासाने ठरवला आहे. जिवंत जनावर मालकाच्या दावणीला आणि मेलेले आमच्या खांद्यावर, अशी ती वाटणी होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. लोकांनी ते सोडले आणि त्याची किंमतही मोजली. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. गुलामी गेली ते योग्यच झाले. परंतु मेलेले ढोर सोडणाऱ्याच्या दावणीला जिवंत जनावर कुणी बांधून दिले नाही. आणि आज योजना त्यालाच विचारते, जनावरे किती?

याला सरकारचे उत्तर असते, की अनुसूचित जातींना आम्ही वाढीव दर देतो. तो दरही पाहू. २०१८ साली योजना नव्या नावाने आली, तेव्हा दोन ते सहा घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण लाभार्थीला १२,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थीला १३,००० रुपये ठरले. फरक एक हजाराचा. २ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर झाला आणि अनुदान आकारानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपयांपर्यंत गेले. रक्कम वाढली याचे स्वागतच आहे. पण संयंत्र आधी स्वतःच्या पैशाने बांधायचे, ते चालू झाल्याचे तपासून घ्यायचे आणि मग अनुदान खात्यावर यायचे, ही रीत कायम राहिली. रोजंदारीवर जगणाऱ्याने आधीचा पैसा कुठून आणायचा? सावकाराकडून आणला तर अनुदान व्याजात जाते. दाराला कुलूप ठेवून उंबऱ्यावर हजार रुपये जास्त ठेवले, तर आतला माणूस ते उचलेल. बाहेरचा कसा उचलणार?

२०१८ च्या नियमांनी एक दार किलकिले केले होते, तेही सांगितले पाहिजे. शेणाबरोबर स्वयंपाकघरातला कचरा आणि मैला यांचाही विचार त्यांत होता आणि शौचालय जोडल्यास १,६०० रुपये जादा होते. खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी करून दाखवले. उत्तम काम आहे. पण ज्या घरात भाकरी मोजून थापली जाते, तिथे खरकटे उरत नाही.

मैल्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपल्याकडे या वायूची सुरुवातच मैल्यापासून झाली. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तो दिवाबत्तीसाठी वापरला गेला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूला डॉ. सु. वि. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या गॅसचे काम चिकाटीने केले. मैला उताराने आपोआप घुमटात जातो, हात लागत नाही, हे त्या कामाचे मोल आहे. परंतु एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला सुमारे एक घनफूट वायू मिळतो आणि एका घनमीटरमध्ये पस्तीस घनफूट असतात. एका कुटुंबाची चूल यावर पेटत नाही. पुरी आळी एकत्र यावी लागते. आणि आळीचे संयंत्र तुंबले, तर ते साफ करायला कुणाला बोलावतील? १९९३ आणि २०१३ चे कायदे असतानाही याचे उत्तर गावाला पाठ आहे. म्हणून दुरुस्तीची यंत्रे आणि तिचा पगारी माणूस नियमात आधी लिहून घेतल्याशिवाय आपण या योजनेला हो म्हणू नये.

नियम बदलून दार उघडता येते, याचे उदाहरण उज्ज्वला योजनेत आहे. तो गॅस खनिज तेलाचा, विषय थोडा वेगळा. पण नियम शिकवणारे आहेत. २०१६ साली सुरुवात झाली तेव्हा २०११ च्या सर्वेक्षणातल्या यादीत नाव लागे. २०१८ साली अनुसूचित जाती-जमातींची गरीब घरे यादीत नाव नसतानाही घेतली गेली. २०२१ साली स्थलांतरितांना रेशनकार्डाऐवजी स्वतःचे प्रतिज्ञापत्र चालू लागले. फडावर कोप्या टाकून राहणाऱ्या ऊसतोड कामगाराला याचा अर्थ चटकन कळेल. म्हणजे कागदाची अट माणसाकडे पाहून बदलता येते. आईकडेही तो सिलिंडर आहे. त्यावर चहा आणि भाजी होते. अंघोळीचे पाणी मात्र अजून पाचटावर तापते, कारण सिलिंडर भरून आणायचा तर अनुदान वजा जाऊनही मजुरीचे दोन-तीन दिवस जातात.

जैवऊर्जा कार्यक्रमाचा काळ २०२१-२२ ते २०२५-२६ असा आखलेला होता. प्रत्येक मुदतीनंतर नियम नव्याने लिहिले जातात आणि ते लिहिताना आपला आवाज तिथे नसतो. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तीन मागण्या ग्रामसभेच्या ठरावात आणाव्यात. अनुसूचित जातीच्या लाभार्थीला निम्मे अनुदान बांधकामाआधी मिळावे. स्वतःची जनावरे नसलेल्यांच्या गटाला गावठाणात जागा आणि शेण विकत घेण्यासाठी मदत मिळावी, आणि संयंत्र बायकांच्या नावावर असावे. भाड्याच्या किंवा पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला अंघोळीच्या पाण्यासाठी काय देणार, ते स्पष्ट लिहावे.

आणि कोणतीही योजना आली की रक्कम वाचण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे मिळण्यासाठी आधी काय असावे लागते? आईच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडते. मी तिला ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजे ज्याच्याकडं हाय त्येलाच." तिने वर्गात पाऊल ठेवलेले नाही. नियमावलीचा इतका नेमका सारांश मला जमला नव्हता.