अंजिराच्या काडीला माती कोणती?

पुरंदर तालुक्यातील अंजीर तुम्ही खाल्ले असेल. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अंजिराची लागवड बियांपासून करीत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या पक्व काड्या लावून रोपे करतात. हा प्रयोग घरात कुंडीत केला तर पुष्कळदा गंमत होते. डोळा फुटतो, दोन पाने येतात, आपण हरखतो. आणि मग पाने मान टाकतात. काडी उपटावी, तर खालचे टोक काळे पडून कुजलेले!

असे का होते? पहिली पाने फुटतात ती काडीतील साठवलेल्या पिष्टावर. मुळांचा अजून पत्ताच नसतो. मुळे फुटायची तर खालच्या टोकाच्या पेशींना श्वसनासाठी प्राणवायू हवा. पाण्यातून प्राणवायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद असते. मातीची छिद्रे पाण्याने भरली, की शिधा शिल्लक असूनही काडी गुदमरते.

आता केशाकर्षण आठवा. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते. १ मिलिमीटरच्या नळीत जेमतेम दीड. बागेतल्या काळ्या मातीची छिद्रे याहूनही अरुंद. तेव्हा १५ सेंटिमीटर उंचीच्या कुंडीला भोक असले, तरी तिच्यातले पाणी निथळणार कसे? ओला स्पंज आडवा धरा. ठिबकणे थांबले, की तो उभा करा. पुन्हा पाणी गळेल! म्हणजे उथळ कुंडी अधिक चिखलट. तळाशी खडी घालण्याची रूढ पद्धतही फसवी आहे: बारीक मातीतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, ओला थर फक्त वर सरकतो.

म्हणून धुतलेली जाड वाळू दोन भाग आणि ओलावा धरायला नारळाचा भुसा एक भाग घ्या. वाळू पिठाच्या चाळणीने चाळा आणि खाली पडेल ती टाकून द्या. नाहीतर बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटी बुजवतात. शेणखत मुळीच नको. खायला मुळे नाहीत, आणि ते कुजताना प्राणवायू मात्र खर्च होतो.

मिश्रण जमले का, हे मोजताही येते. ज्या कुंडीत काडी लावायची, तिचे भोक बुजवून ५०० घनसेंटिमीटर ओलसर मिश्रण भरा. पृष्ठभाग चकाकेपर्यंत सावकाश पाणी घाला. आता भोक उघडा आणि निथळलेले पाणी मोजा. जेवढे पाणी बाहेर, तेवढी हवा आत. १०० घनसेंटिमीटरपेक्षा कमी भरले, तर वाळू वाढवून पुन्हा मोजा.

घरात ऊन-वारा कमी, त्यामुळे कुंडी उशिरा वाळते. पाणी रोज नको. पाने सुकू नयेत म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी सैल घाला. मुळे चांगली फुटल्यावर मात्र रोप खतमातीत हलवा, कारण वाळूत त्याला खायला काहीच नाही.