काल्पनिक संख्येची कवाईत

मुलांनो, संख्या धन असो वा ऋण, तिचा वर्ग धनच येतो. म्हणून ऋण संख्येस वर्गमूळ नाहीं, असें भास्कराचार्यांनीं १२ व्या शतकांत लिहिलें. १६३७ त देकार्त या फ्रेंच पंडितानें अशा मुळांस 'काल्पनिक' म्हटलें, आणि बिचाऱ्यांस तें नांव कायमचें चिकटलें!

आम्हीं त्यांचा पत्ता कवाइतीच्या मैदानावर देतों. मध्यभागीं पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. पूर्वेस धन संख्या, पश्चिमेस ऋण. उणे १ नें गुणणें म्हणजे 'अबाउट टर्न'. आतां दोनदां दिला असतां हाच परिणाम घडविणारा हुकूम कोणता? 'लेफ्ट टर्न'! एकदां उत्तर, दोनदां पश्चिम. हेंच उणे १ चें वर्गमूळ. दोनदां 'राइट टर्न' करणाराही चुकला नाहीं; तें दुसरें मूळ! ऑयलरनें १७७७ त पहिल्यास 'आय' हें अक्षर दिलें. वळणाचें हें चित्र वेसेल नांवाच्या मोजणीदारानें १७९७ त मांडलें.

३ पावलें पूर्वेस व ४ उत्तरेस गेलां कीं झाली ३ + ४ आय ही संमिश्र संख्या. मध्यापासून अंतर बरोबर ५ पावलें.

पूर्व-पश्चिम रेषेवर जागा नाहीं म्हणून जीस काल्पनिक ठरविलें, तीच आज उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचें गणित सोपें करिते. यास्तव आमचें सांगणें इतकेंच, कीं सरळ वाट खुंटली म्हणजे उदाहरणास अशक्य म्हणूं नका. एकदां बाजूस वळून पाहा.