कोपऱ्यावरचे नवे पिझ्झागृह आणि घरातील चार मते

वसाहतीच्या कोपऱ्यावर नवे पिझ्झागृह उघडते. पहिल्याच आठवड्यात दारापुढे रांग लागते, मोबाइलवर छायाचित्रे फिरू लागतात आणि सायंकाळी कट्ट्यावर जमणाऱ्या ज्येष्ठ मंडळींतही त्याचीच चर्चा रंगते. कोणी म्हणते, ‘असा पिझ्झा आजवर खाल्ला नव्हता.’ कोणी म्हणते, ‘मध्ये कच्चा, कडेला करपलेला आणि किंमत मात्र चौघांच्या जेवणाची!’ घरात ही चर्चा निराळे वळण घेते. नातवंडांना आजी-आजोबांना सोबत न्यायचे असते. सूनबाईंना सासऱ्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटते. मुलगा म्हणतो, ‘एका दिवसाने काय बिघडते?’ ज्यांच्याविषयी हा खल चाललेला असतो, त्यांना मात्र कोणी विचारीत नाही. अखेरीस ‘आई, तुमच्यासाठी मऊ खिचडी झाकून ठेवली आहे,’ असे सांगून बाकीचे घर बाहेर पडते.

वाचकहो, या मतभेदात प्रत्येकाच्या बोलण्यात काही तथ्य असते. म्हणून ‘पिझ्झा चांगला की वाईट’ हा वाद बाजूला ठेवून, तो कोणी, किती आणि कोणत्या वेळी खायचा, याचा विचार आपण करू या.

कच्चा की मऊ?

प्रथम चवीविषयी. आपल्याकडे पिझ्झाची ओळख बहुधा बेकरीतील तयार पोळीने झाली. कांदा, ढोबळी मिरची आणि किसलेले चीज घालून तव्यावर झाकण ठेवून भाजलेला तो खुसखुशीत प्रकार अनेकांच्या जिभेवर आहे. पुढे १९९६ मध्ये अमेरिकी साखळी दुकाने भारतात आली आणि जाड, तेलकट, भरपूर चीज असलेला पिझ्झा रूढ झाला. आज गाजणारी पिझ्झागृहे पुष्कळदा इटलीतील नेपल्स शहराची पद्धत अनुसरतात. तेथे साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत पिझ्झा अवघ्या ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. त्यामुळे कडा फुगतात, त्यांवर काळे ठिपके उमटतात आणि मधला भाग ओलसर, मऊ राहतो. नेपल्समधील पिझ्झा घडविणाऱ्यांच्या या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

तेव्हा ‘मध्ये कच्चा’ म्हणणारे आजोबा आणि ‘हाच खरा’ म्हणणारी नात हे दोघेही आपापल्या सवयीशी प्रामाणिक असतात. ‘हे परक्यांचे खाणे’ हा आक्षेप मात्र फार ताणू नये. टोमॅटो, बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून आपल्याकडे आली. पाव पोर्तुगिजांनी गोव्यात रुजविला. आज यांपैकी एकाही पदार्थावाचून आपले स्वयंपाकघर चालत नाही.

मिठाचा हिशेब

सूनबाईंच्या काळजीला भक्कम आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरू नये. आता नेपल्सची परंपरा जपणाऱ्या संघटनेचे प्रमाण पाहा. एक लिटर पाण्याला १६०० ते १८०० ग्रॅम पीठ आणि ४० ते ६० ग्रॅम मीठ. मधले प्रमाण धरले, तर २५० ग्रॅमच्या एका गोळ्यात साधारण साडेचार ग्रॅम मीठ येते. चीज आणि सॉस घालण्यापूर्वीच दिवसाचा वाटा जवळपास संपला! अशा पिझ्झाचे सहा तुकडे केले आणि त्यांतील दोन खाल्ले, तर केवळ पोळीतून दीड ग्रॅम मीठ पोटात जाते.

प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये ताज्या मोझरेलापेक्षा सहसा अधिक सोडियम असते. ऑलिव्ह, व्हिनेगरात मुरविलेली मिरची आणि सॉसेज हेही खारट असतात. ऑरेगॅनोच्या लहान पुड्यांवरील मजकूर वाचून पाहा. अनेक मिश्रणांत मीठ घातलेले असते. वय वाढते तशी चव आणि गंध यांची जाण मंदावते. पदार्थ अळणी लागतो आणि हात आपोआप त्या पुडीकडे जातो.

उच्च रक्तदाब औषधांनी आटोक्यात असेल, तर दोन तुकड्यांचा मेळ बसविता येतो. त्या दिवशी पापड, लोणचे, फरसाण आणि आयते सूप वर्ज्य करावे. हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पाय सुजले किंवा आडवे होताच धाप लागू लागली, तर विलंब न करता डॉक्टरांना कळवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मिठाखेरीज प्रक्रिया केलेल्या चीजमधील फॉस्फेट आणि टोमॅटोतील पोटॅशियम यांचाही विचार करावा लागतो.

‘आंबवलेले म्हणजे हलके’ कितपत खरे?

नव्या पिझ्झागृहांच्या फलकांवर ‘४८ तास आंबवलेले’, ‘नैसर्गिक खमिराचे’, ‘खास इटालियन पिठाचे’ असे शब्द दिसतात. दीर्घकाळ आंबविल्याने पिठाला चव आणि पोत येतो, काहींना ते पचायलाही सोपे वाटते. परंतु ‘डबल झीरो’ या नावाने मिरविणारे इटालियन पीठ हेही बारीक, कोंडा काढलेले गव्हाचे पीठच होय. आपल्या मैद्याचे ते जवळचे नातेवाईक. आंबविल्याने त्यातील ग्लुटेन नाहीसे होत नाही. ज्यांना सिलिअ‍ॅक आजार आहे, त्यांच्यासाठी ते सुरक्षित नव्हे. लाकडाच्या भट्टीमुळे सुवास येतो. उष्मांक त्याने घटत नाहीत.

चीजविषयीही विचारावे. काही ठिकाणी दुधाच्या चीजऐवजी वनस्पती तेलापासून केलेला, चीजसारखा दिसणारा पदार्थ वापरतात. ‘हे दुधाचे चीज आहे का?’ असा प्रश्न विचारण्यात संकोच वाटू देऊ नये.

रांग आणि औषधाची वेळ

मधुमेही ज्येष्ठांसाठी सर्वांत मोठा धोका ताटात वाढला जाण्यापूर्वीच उभा असतो. गाजलेल्या ठिकाणी तासभर तिष्ठावे लागते. घरून निघताना इन्शुलिन घेतले, किंवा रक्तशर्करा झपाट्याने उतरविणारी गोळी घेतली, आणि जेवण लांबले, तर शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, अकारण चिडचिड, बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे. ज्येष्ठांच्या बाबतीत ती ‘थकवा’ समजून दुर्लक्षिली जातात. जेवणाशी जोडलेले औषध अशा दिवशी नेमके केव्हा घ्यावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. खिशात ग्लुकोज किंवा साखर असू द्या. व्यक्ती शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तरच ती तोंडाने द्या. अन्यथा तत्काळ वैद्यकीय मदत मिळवा.

दुसरी गोष्ट मोजणीची. चीज आणि तेल यांतील स्निग्धांशामुळे जठर सावकाश रिकामे होते. परिणामी शर्करा उशिरा चढते आणि अधिक काळ चढलेली राहते. दोन तासांनी केलेली तपासणी समाधानकारक आली, तरी त्यानंतर आकडा वाढू शकतो. त्या रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजणे शहाणपणाचे ठरते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी सायंकाळी लवकर जेवावे आणि त्यानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये.

दात, घास आणि गिळणे

मऊ पोळी दातांना सोपी असली, तरी फुगलेली कड चिवट असते आणि वितळलेल्या चीजची तार लांबते. कवळी वापरणाऱ्यांनी हाताने तुकडा ओढून खाण्याऐवजी सुरी-काट्याने लहान घास करून घ्यावेत. टोमॅटोचा सॉस चीजखाली बराच वेळ धगधगता राहतो आणि टाळू भाजते. म्हणून चार-पाच मिनिटे थांबणे बरे. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळण्याची क्रिया मंदावलेली असेल, जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र पावासारखे चिकट आणि तार सुटणारे पदार्थ खरोखर धोक्याचे. अशा वेळी गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला झाल्याशिवाय पिझ्झा देऊ नये.

घरी ठेवण्याचीही किंमत असते

आता मुलाच्या आणि नातवंडांच्या बाजूने. मनुष्य एकट्याने जेवताना कमी खातो आणि इतरांच्या संगतीत अधिक खातो, हे आहारशास्त्राला ठाऊक आहे. उतारवयात भूक मंदावते, वजन उतरते, स्नायू क्षीण होतात. अशा कृश व्यक्तीसाठी चीजमधील प्रथिने आणि कॅल्शियम यांचा उपयोगच होतो. एकटे बसून खाल्लेली खिचडी पथ्याच्या दृष्टीने निर्दोष असेल. पण ती पुष्कळदा अर्धीच खाल्ली जाते. शिवाय ‘तुम्हाला चालणार नाही’ हे वाक्य वरचेवर ऐकणारी व्यक्ती हळूहळू विचारणेच सोडून देते. पुढे तिचे मौन हीच तिची संमती मानली जाते.

काही ज्येष्ठ स्वतःहून नकार देतात, तेव्हा कारण पिझ्झाच असेल असे नाही. पाठ नसलेली उंच आसने, कानठळ्या बसविणारे संगीत, मंद दिवे, पायऱ्यांवरील स्वच्छतागृह यांमुळेही पाय अडतो. श्रवणयंत्र लावणाऱ्याला गोंगाटात समोरच्याचे बोलणे उमगत नाही. हे अडथळे ओळखले, तर निम्मा मतभेद तेथेच मिटतो.

जाण्यापूर्वी एवढे करा

• सुट्टीच्या दिवसाऐवजी आठवड्याच्या मधल्या दिवशी, सायंकाळी लवकर जा. शक्य असल्यास जागा आधी राखून ठेवा.
• भिंतीलगतचे, पाठ असलेल्या खुर्च्यांचे मेज मागा. स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी पाहून ठेवा.
• पातळ पोळी, बेताचे चीज आणि वर भरपूर भाज्या असा पिझ्झा निवडा. सॉसेज आणि गार्लिक ब्रेड टाळा.
• सोबत कोशिंबीर घ्या. तिच्यावर वरून मीठ नको. आधी ती, मग दोन तुकडे, असा क्रम ठेवा.
• शीतपेयाऐवजी पाणी घ्या. पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी ती पाळावी.
• बाहेर जाणे जमत नसेल, तर एक पिझ्झा घरी आणा आणि सर्वांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी बसून खा.

या साऱ्यापूर्वी मात्र एक काम करावयाचे आहे. काळजी घेणाऱ्या मंडळींनो, मिठाचा हिशेब, औषधाची वेळ, गिळण्याचा धोका हे सारे त्यांच्यापुढे सोप्या शब्दांत मांडा आणि मग विचारा, ‘बाबा, तुम्हाला यायचे आहे का?’ बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला आपल्या ताटाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार वयाने कमी होत नाही. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही संकोच सोडून स्पष्ट सांगा. ‘मला नको’ म्हणायचे असेल तर तेही सांगा. ‘अर्धा तुकडा आणि तुमची सोबत पुरे’ असे वाटत असेल, तर तेही मनात ठेवू नका.