सुटाबुटातील सातजण

जपानी माणूस मोठा गंभीर, कामसू व शिस्तीचा. विनोदाशी त्याचे फारसे सख्य नसावे, असा एक समज आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. ह्या समजाला छेद देणारी पुष्कळ उदाहरणे देता येतील. परंतु त्यांतले सर्वांत मनोरंजक उदाहरण म्हणजे 'वर्ल्ड ऑर्डर' नावाच्या जपानी मंडळीची गाणी, आणि गाण्यांहूनही त्यांवर तयार केलेल्या चित्रफिती. प्रस्तुत लेखक ह्या चित्रफितींचा चाहता आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे पुढे कोठे स्तुती अंमळ अधिक झाली, तर वाचकांनी ती त्या खाती मांडावी.

चित्रफितीत घडते तरी काय? टोकियो शहरातील एखादा गजबजलेला रस्ता किंवा चौक असतो. तेथे सात पुरुष येतात. अंगात गडद रंगाचा सूट, पांढरा सदरा, गळ्यात टाय, पायांत चकचकीत बूट, केस चापून बसविलेले; त्यांच्या म्होरक्याच्या डोळ्यांवर चष्मा. एखाद्या कचेरीतून नुकतेच सुटून बाहेर पडलेले कारकूनच जणू! मग संगीत सुरू होते, आणि हे सातजण एकाच यंत्राचे सात भाग असावेत त्याप्रमाणे हलू लागतात. मान वळते ती चावी दिलेल्या बाहुलीसारखी. हात उठतो तो रेल्वेच्या सिग्नलसारखा, आणि जेथे थांबावयाचा तेथे खटकन थांबतो. कधी सातहीजण एकामागे एक असे उभे राहतात, की समोरून पाहणाऱ्यास एकच माणूस दिसावा; आणि मग त्या एका माणसाला दोन्ही अंगांनी हातांमागून हात फुटू लागतात. कधी ते इतके सावकाश चालतात, की पाण्याखाली चालले आहेत असा भास व्हावा. आणि भोवतालची माणसे मात्र आपल्या नित्याच्या घाईने चाललेली असतात. प्रथम पाहणाऱ्यास वाटते, ही कॅमेऱ्याची करामत असेल. ती तशी नाही, ह्याचा पुरावा ती बाजूने चाललेली माणसेच देतात. मंद गती कॅमेऱ्याने आणली असती, तर सारा रस्ताच मंद झाला असता. येथे फक्त सात देह मंद होतात. आणि हे सर्व चालू असता त्यांच्या चेहऱ्यावरील एक रेषाही हलत नाही. आपण हसून हसून बेजार व्हावे, आणि त्यांनी मात्र मासिक हिशेबाच्या बैठकीस बसल्यासारखे तोंड करावे!

ह्या मंडळीचा प्रवर्तक गेंकी सुदो हा मूळचा गायक नव्हे, की नर्तकही नव्हे. १९७८ साली जन्मलेला हा गृहस्थ मुष्टियुद्ध व कुस्ती ह्यांचा मिलाफ असलेल्या झुंजींतील नामांकित मल्ल होता. जपानमधील के-वन व अमेरिकेतील यूएफसी ह्या दोन्ही आखाड्यांत तो लढला. झुंजीपूर्वी आखाड्यात येण्याची त्याची तऱ्हाच काही और असे. तो नाचत येई, चित्रविचित्र वेष करी, आणि झुंज संपली म्हणजे नाना देशांचे ध्वज रंगविलेले एक निशाण फडकवी. आपण सारे एकच आहोत, असा मजकूर त्यावर असे. २००३ सालच्या अखेरच्या दिवशी आपल्या दुपटीहून अधिक वजनाच्या एका अमेरिकन मुष्टियोद्ध्याला त्याने टाचेला पीळ घालून शरण आणले. ३१ डिसेंबर २००६ रोजी त्याने आखाडा सोडला व २००९ साली 'वर्ल्ड ऑर्डर' उभी केली. ह्या पूर्वचरित्राचा उल्लेख केवळ गंमत म्हणून केलेला नाही. मल्लाला आपल्या शरीराचा एकेक सांधा ठाऊक असतो. केव्हा ताणावे, केव्हा सैल सोडावे, तोल कोठवर सांभाळेल, हे त्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही. सुटाच्या आत तालीम दडलेली आहे, आणि म्हणूनच तो सूट इतका गमतीचा दिसतो.

आता ह्यात हसू का येते, ह्याचा थोडा विचार करू. बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९०० साली हास्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सजीव माणूस निर्जीव यंत्राप्रमाणे वागू लागला, म्हणजे आपणास हसू येते. सवयीने टोपी काढावयास हात डोक्याकडे न्यावा आणि डोक्यावर टोपीच नसावी, ह्या जातीचा हा विनोद. चार्ली चॅप्लिनचा १९३६ सालचा 'मॉडर्न टाइम्स' हा चित्रपट ज्या पालकांनी पाहिला असेल, त्यांना अधिक सांगावयास नको. कारखान्यात दिवसभर पेच आवळून आवळून त्या बिचाऱ्याचे हात काम थांबल्यावरही पेच आवळीतच राहतात. तेथे यंत्र माणसाला जिंकते व आपण हसतो. पण त्या हसण्यात कीवही असते. सुदोच्या सात असामींचे तसे नाही. त्यांनी यंत्राची नक्कल इतकी बिनचूक केली आहे, की हसता हसता आपण थक्क होऊन जातो. बर्गसाँच्या सिद्धान्तात ही दुसरी पायरी नाही, आणि मला ती पहिलीहून अधिक मोलाची वाटते. यंत्रासारखे हलणे यंत्राला फुकट मिळते. माणसाला त्यासाठी महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो. सातजणांपैकी एकाची कोपर ताल चुकून जरा उशिरा वाकली, तर सारा इमला कोसळलाच म्हणून समजा. ज्या मुलांनी मैदानावर कवायत केली आहे त्यांनी आठवून पाहावे: साधे 'डावा-उजवा' सात मुलांचे एकसारखे पडावयास किती दिवस लागतात?

परंतु ह्या विनोदाची खरी गोडी कळावयाची, तर जपानी कचेरी कशी चालते हे थोडे ठाऊक असले पाहिजे. तेथे नव्या नोकराला कामाबरोबर नमस्कारही शिकवितात. सहज भेटीत कंबरेतून १५ अंश वाकावे, गिऱ्हाइकापुढे किंवा वरिष्ठापुढे ३० अंश, आणि क्षमा मागावयाची अथवा मनापासून आभार मानावयाचे, तर ४५ अंश! नावाचे कार्ड द्यावयाचे ते दोन्ही हातांनी. दुसऱ्याचे घेतले, की लगेच खिशात न कोंबता आदराने वाचावयाचे. आगगाडीचा कर्मचारी पांढरा हातमोजा घातलेला हात लांब करून सिग्नलकडे बोट दाखवितो व काय दिसले ते मोठ्याने उच्चारतो. नवख्याला हा वेडेपणा वाटतो. पण डोळा, हात व वाचा ही तिन्ही एका कामाला जुंपली म्हणजे चूक कमी होते, असा त्यांचा अनुभव आहे. १९२८ साली तेथे नभोवाणीवरून व्यायामाचे पाठ सुरू झाले, १९५१ साली त्यांना नवे रूप मिळाले, आणि त्या सुरांवर शाळेतील मुलेच नव्हेत, तर कारखान्यांतील व कचेऱ्यांतील माणसेही सकाळी हातपाय हलवीत आली आहेत. म्हणजे पाहा, हे सातजण नवे काही करीतच नाहीत! कचेरीत रोज घडत असलेला नाच त्यांनी रस्त्यावर आणून त्याला ताल दिला, इतकेच. जपानी प्रेक्षक हसतो, तो सातजणांना नव्हे, स्वतःलाच हसतो.

आपल्या मराठीत 'चाकरमानी' हा जो गोड शब्द आहे, त्याला जवळचा असा जपानी शब्द 'सारारीमान'. पगार व माणूस ह्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून तो जपान्यांनीच घडविला. ह्या सारारीमानाची गाण्यातून थट्टा करण्याची रीतही सुदोने प्रथम काढली असे नव्हे. त्याच्या आधी अर्ध्या शतकापूर्वी 'क्रेझी कॅट्स' नावाच्या वादकमंडळीने ती काढली होती. आणि योगायोग असा, की तेही सातजणच! १९६१ साली त्यांतील हितोशी उएकी ह्याने 'सुदारा-बुशी' हे गाणे म्हटले. दारू पिणारा, घोड्यांच्या शर्यतीत पगार घालविणारा, हे वाईट आहे हे कळत असूनही सोडू न शकणारा असा एक नोकरदार त्या गाण्यात आहे. उएकी ते गाताना हात सैल सोडून डोलत असे. उएकी स्वतः मोठा नेमस्त माणूस, एका बौद्ध धर्मोपदेशकाचा मुलगा. असले गाणे म्हणावे की नाही, अशा संकोचाने तो वडिलांकडे गेला, तेव्हा वडील म्हणाले, की कळते पण वळत नाही हीच तर मनुष्याची दशा. आपल्या पंथाचे संस्थापक शिनरान ह्यांनी दुसरे काय सांगितले? ही हकीकत जपानात आवडीने सांगितली जाते. पुढल्याच वर्षी आलेल्या 'जपानचे बेजबाबदार युग' अशा अर्थाच्या नावाच्या बोलपटात उएकीने एका बिनधास्त नोकरदाराचे काम केले. त्या पात्राचे नाव ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहीत, तीच अक्षरे निराळ्या उच्चाराने वाचली, तर अर्थ होतो 'सरासरी'.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९६० साली जपानी सरकारने दहा वर्षांत राष्ट्राचे उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली होती, आणि सारा देश मान खाली घालून राबत होता. अशा वेळी कामचुकारपणाचे गाणे घरोघर गायिले जावे, ह्यात नवल ते काय? सुटकेची एवढी एक खिडकी होती. पुढे १९८९ साली एका शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीतील गाणे गाजले. त्यातला नोकरदार दिवसाचे चोवीसही तास कामाच्या रणांगणावर उभा! ती थट्टा होती की स्तुती, हे ठरविणे कठीण. आणि तेच त्या वेळचे दुखणे होते. त्याच सुमारास 'कारोशी', म्हणजे अतिश्रमाने आलेला मृत्यू, हा शब्द जपानात सर्वतोमुखी झाला. किती घरांतील कर्ती माणसे अशी गेली असतील! वडील घरी येतात तेव्हा मुले निजलेली, आणि मुले उठतात तेव्हा वडील गेलेले, असा संसार हजारो घरांत चालला होता. अखेर २०१८ साली कायदा झाला व जादा कामाला सामान्यतः महिन्यास ४५ तास आणि वर्षास ३६० तास अशी मर्यादा घालण्यात आली.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून पाहिले, म्हणजे उएकी व सुदो ह्यांच्या विनोदातील भेद उमगतो. उएकीचा नोकरदार शिस्तीला कंटाळून सैल पडतो. सुदोचा नोकरदार शिस्तच इतकी घट्ट आवळतो, की तिचा नाच होतो. एकाने कचेरी चुकविली, दुसऱ्याने ती डोक्यावर घेतली. मला विचाराल तर दुसरी वाट अधिक अवघड, आणि अधिक मोकळी. साहेबाच्या धाकाने वाकणारी पाठ, आणि आपल्या आनंदासाठी त्याच अंशात वाकणारी पाठ, ह्यांत बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही.

ह्या मंडळीच्या सर्वच चित्रफिती केवळ हसविणाऱ्या नाहीत. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य भागात महाभूकंप झाला, समुद्र गावांत शिरला, फुकुशिमाची अणुभट्टी फुटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'मशीन सिव्हिलायझेशन', म्हणजे यंत्रसंस्कृती, ही चित्रफीत बाहेर पडली व तिच्यासमवेत सुदोने जगाला उद्देशून धीराचा संदेश दिला. नाच नेहमीचाच, तेच सूट, तेच निर्विकार चेहरे. परंतु यंत्रांनी दगा दिलेल्या देशात सात माणसे यंत्राप्रमाणे हलताना पाहून त्या वेळी किती जणांच्या घशात हुंदका दाटला असेल, ह्याची कल्पना करावी. ह्याउलट २०१४ सालची 'हॅव अ नाइस डे' निव्वळ धमाल. ती आकिहाबारा ह्या टोकियोच्या भागात चित्रित केली आहे. विजेची उपकरणे, चित्रकथा, बाहुल्या आणि गाणाऱ्या मुलींचे चाहते ह्यांचे ते माहेरघर. तेथील भडक रंगांत हे सात गडद सूट असे शोभतात, जसे जत्रेत आलेले तपासनीस!

जाता जाता एक गंमत. 'सुदारा-बुशी'चे शब्द ज्याने रचले, तो युकिओ आओशिमा १९६८ साली जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेला, व पुढे १९९५ ते १९९९ टोकियोचा राज्यपाल झाला. सुदोही २०१९ साली त्याच सभागृहात निवडून गेला. थट्टेखोरांना कायदे करावयास पाठविण्याची ही जपानी रीत आपल्याकडे कोणाला रुचेल की नाही, कोण जाणे!

ज्यांना ह्या चित्रफिती पाहावयाच्या असतील, त्यांनी एकेक तीनदा पाहावी, अशी माझी शिफारस आहे. पहिल्यांदा खुशाल हसावे. दुसऱ्यांदा मधल्या म्होरक्याला सोडून सर्वांत मागच्या माणसाकडे लक्ष द्यावे. ताल खरा तेथे कळतो. आणि तिसऱ्यांदा नर्तकांकडे पाहूच नये, बाजूच्या वाटसरूंकडे पाहावे. कोणी थबकतो, कोणी हसतो. आणि एखादा मात्र तसाच सूट, तसाच टाय घालून, मान जरासुद्धा न वळविता, ठरलेल्या पावलांनी स्थानकाकडे निघून जातो. आणि हा आठवा तर नव्हे, असे क्षणभर वाटून जाते.